विजेचा पत्ता आणि दोनाडकरभाऊ

खेळातला एक पत्ता कामाचा की बिनकामाचा, एवढं ठरवायला दोनाडकरभाऊंनी अख्खा उन्हाळा आणि अर्धा पावसाळा घेतला. मधल्या काळात आम्ही त्यांना कितीदा तरी विचारलं. दर वेळी चष्मा कपाळावर सरकवून त्यांचं एकच उत्तर, “अजून पाहून राह्यलो ना बाप्पा!”

त्या पत्त्याकडे मी येतो. पण भाऊंचं ‘पाहणं’ ही काय चीज होती, ते आधी सांगितलं पाहिजे.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेला, सागाच्या जंगलात वसलेल्या एका गावातल्या छोट्या सरकारी दवाखान्यात फार्मासिस्ट म्हणून लागलो होतो. मूळचा मी वरोऱ्याचा, कापसाच्या गाड्या आणि हमरस्त्याची वर्दळ बघत वाढलेला. इथे दुपारी ओपीडी आटोपली की ऐकू यायचा तो फक्त सुतारपक्षी. दवाखान्याच्या टोकाच्या खोलीत लॅब होती आणि लॅबमध्ये सुखदेव दोनाडकर. वय पंचावन्नच्या पुढे, अंगानं काटक, आयुष्यभर मायक्रोस्कोपवर वाकून डावा खांदा उजव्यापेक्षा उतरलेला. उजव्या हाताची तीन बोटं कायमची जांभळी. रक्ताच्या काचपट्ट्या ज्या रंगात बुडवतात, त्याचा तो डाग. त्या बोटांनी ते भात कालवायला लागले की नवा माणूस दचकायचा.

“रंग आहे, रोग नाई,” भाऊ म्हणायचे आणि जेवत राहायचे.

गाव त्यांचं नागभीडकडचं. तिथे थोडी धानाची शेती होती आणि ती कुसुमबाई, म्हणजे त्यांची बायको सांभाळायची. मुलगी लग्न होऊन गेलेली. भाऊ क्वार्टरमध्ये एकटे राहत, महिन्यातून एकदा गावी जात आणि येताना डबाभर लाखोरीच्या डाळीचे वडे आणत. दवाखान्यातल्या प्रत्येकाला ते वडे मिळायचे. स्वतः मात्र चार चमचे साखरेचा चहा घेऊन बसायचे. इतरांच्या रक्तातली साखर रोज तपासणारा हा माणूस स्वतःच्या बोटाला कधी सुई लावत नव्हता, हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

पहिल्याच आठवड्यात आमचं वाजलं. तापाचे दिवस होते. माझ्या खिडकीपुढे ही रांग, आणि रांगेत सगळ्यात पुढे एक माणूस थंडीनं दातावर दात आपटत उभा. त्याचा लॅबचा कागद आला नव्हता. मी तरातरा लॅबमध्ये गेलो.

“भाऊ, निगेटिव्हच असेल ना? लिहून द्या, लोक खोळंबलेत.”

मायक्रोस्कोपवरचा डोळा न काढता ते म्हणाले, “बासष्ट झाले.”

“काय बासष्ट?”

“घरं.”

मायक्रोस्कोपखाली एका वेळी रक्ताचा एक लहानसा गोल तुकडा दिसतो. पट्टी जराशी सरकवली की पुढचा. भाऊ त्या प्रत्येक गोलाला घर म्हणायचे. मलेरियाचा जंतू म्हणजे चोर. “शंभर घरं फिरल्याबिगर गावात चोर नाई म्हनायचं नाई,” हा त्यांचा कायदा. तसा तो पुस्तकातला नियमच आहे, पण पुस्तकातले नियम रांग पाहून लहान होतात, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. भाऊंचा झाला नाही. मी बाजूला चुळबुळत उभा राहिलो. बऱ्याच वेळानं ते सरकले.

“ये. पाय.”

मी डोळा लावला. गुलाबी पेशींच्या गर्दीत एका पेशीच्या पोटात बारीक निळी अंगठी, तिला लाल खडा.

“चौऱ्यान्नवाव्या घरात बसला होता,” भाऊ म्हणाले. “तुयं ऐकलं असतं तं हा मानूस आता घरच्या वाटंनं लागला असता.”

त्यात टोमणा नव्हता. जे घडलं असतं तेवढं त्यांनी सांगितलं. त्या दिवसापासून काही सापडलं की ते व्हरांड्यातून मला हाक मारायचे, “परशांत, पायून जा!” गोळ्या देता देता मी पळत जाऊन पाहून यायचो. दोन वर्षांत मला ती अंगठी झोपेतही ओळखू आली असती.

आता पत्त्यांचं. आमच्याकडे नागपूरच्या एक डॉक्टर मॅडम वर्षभरासाठी आल्या होत्या. त्यांच्याकडे महाबली वीरांच्या पत्त्यांचा एक मोठा डबा होता. उडणारे, आग ओकणारे, भिंत फोडणारे असे वीर. खेळाची गंमत अशी, की खेळणारे एकमेकांविरुद्ध नसतातच. सगळे एका बाजूला. समोर एक खलनायक, त्याची पत्त्यांची वेगळी गड्डी. ती आपली आपणच उघडत जाते आणि सगळ्यांना मारत सुटते. एक वीर जरी पडला तरी डाव सगळ्यांनी हरला. मॅडम जाताना तो डबा आमच्यासाठी ठेवून गेल्या, आणि दुपारी दोन ते चार लॅबच्या लाकडी बाकावर आम्ही तिघं खेळू लागलो. भाऊ, मी आणि रेखा पुंगाटी सिस्टर.

पुंगाटी सिस्टर भामरागडकडच्या. वॉर्डात पेशंटशी गोंडीत बोलायच्या, आमच्याशी मराठीत, आणि वरिष्ठांशी शक्यतो बोलायच्याच नाहीत. पत्त्यांवरची इंग्रजी नावं त्यांनी पहिल्याच दिवशी मोडीत काढली. “इंग्रजीत मारलं म्हनून त्याले जास्त लागते का?” मग भिंत फोडणारा झाला पहाड, उडणारी झाली घार, आणि काळा सूट घातलेला तो खलनायक झाला काळेसाहेब. मुक्का, ढाल, झेप, सगळी नावं सिस्टरांची. आणि ज्या पत्त्यावर चंदेरी लखलखाट होता, तो वीज.

विजेचा तो पत्ता माझा लाडका. एका फटक्यात काळेसाहेबाचे आठ जीव जायचे. खेळातला सगळ्यात मोठा वार. पण कुठलाही पत्ता खेळायचा तर हातातले दुसरे पत्ते टाकून द्यावे लागत. मुक्का मारायला एक, विजेला तीन. हातात असायचे पाच. डाव सुरू होण्याआधी ज्यानं त्यानं आपली गड्डी निवडून बांधायची. मी विजेचे तिन्ही पत्ते घ्यायचो.

“भाऊ, आठ! आठ म्हणजे किती ते बघा.”

“आठ कुठी बे?” भाऊंनी जांभळं बोट पत्त्यावर टेकवलं. “तीन टाकले आन हा एक, चार पत्ते गेले ना? आठ भागिले चार, दोन. मुक्क्यात दोन पत्ते जाते, चार जीव घेते. तेबी दोनच. हिशेब बराबर आहे.”

“मग बरोबर आहे तर घ्यायला काय हरकत?”

“हातात काय राह्यलं?”

“एक पत्ता.”

“आन आता पाळी कोनाची?”

पाळी काळेसाहेबाची असायची. मी एका पत्त्यानिशी उघडा बसायचो, आणि तो मला बडवून काढायचा. सिस्टर हसून लोटपोट व्हायच्या. वर भाऊ आणखी मीठ चोळायचे, “तीन जीव राह्यलेल्या मानसाले आठ मारतं. वरचे पाच कोनाले दाखवाले?”

यावर दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, वीज बिनकामाची, काढून टाक. भाऊ म्हणाले नाहीत. त्यांनी लॅबच्या भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा ओढायला सुरुवात केली. आमच्यापैकी कोणाच्याही हातात वीज आली की एक रेघ. ती मारली तर उभी, दुसऱ्या पत्त्यासाठी टाकून दिली तर आडवी. महिन्याभरात आडव्या रेघांची शेज झाली, उभ्या बोटावर मोजण्याएवढ्या.

“झालं ना भाऊ,” आता मीच हरलो होतो. “हा पत्ता टाकण्यातच जातो. नापास करून टाका.”

“काऊन टाकला जाते, ते कुठी समजलं अजून?”

मग उभ्या रेघांच्या टोकाला बारीक खुणा आल्या. कोणी मारली, बाजूला कोण होतं, त्याच्या हातात काय होतं. खेळ संपल्यावर ते आम्हाला हातातले पत्ते खाली ठेवू देत नसत. “थांबा, पाहू द्या.” मोहाची फुलं पडून गेली, तेंदूपत्त्याचा हंगाम गेला, पेरण्या झाल्या. आणि एका दुपारी चार साखरेचा चहा संपवून त्यांनी कप बाजूला ठेवला.

“वीज एकट्याचा पत्ता नोहे.”

“बाजूवाल्याच्या हातात ढाल असन, आन त्यानं तसं सांगतलं असन, तरच मारायचा. मंग तुमी रिकामे झाले तरी चालते. तो झेलते. त्या टायमाले ह्याच्यावानी पत्ता नाई. बाकी टायमाले तीन मुक्के बरे.”

एवढं बोलून ते काचपट्ट्या धुवायला उठले. मला आजही वाटतं, त्या खेळावर जगात कुठे कुठे लोकांनी काय काय लिहिलं असेल, पण एका पत्त्याला इतक्या सबुरीनं कोणी वागवलं नसेल. मी लाडानं वाढवला होता, सिस्टरांनी हसून सोडून दिला होता. भाऊंनी त्याची बाजू ऐकून घेतली.

श्रावणात मॅडमनी बसच्या पार्सलनं नव्या पत्त्यांचं एक पाकीट पाठवलं. आम्ही ते फोडलं. वरच एक नवा वाराचा पत्ता होता, लालभडक. मी तो भाऊंच्या हातात दिला, कारण आता नवा पत्ता म्हटलं की पहिला मान त्यांचा. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला, खिडकीकडे फिरवला आणि खाली ठेवला.

“तू वाच. मोठ्यानं वाच.”

मी वाचला. त्यांनी मान डोलावली. उजेड कमी असेल, असं मी धरून चाललो.

दोन-तीन दिवसांनी आम्ही नवे पत्ते घालून बसलो. डाव रंगात आला होता. काळेसाहेबाचे आठच जीव उरलेले आणि सिस्टरांच्या हातात वीज. पण माझ्या घारीचा एकच जीव शिल्लक होता. काळेसाहेबाच्या एका नव्या पत्त्यामुळे वीज पडायच्या आत त्याचा एक वार होणार होता, तो कोणीतरी झेलायला हवा होता, आणि विजेचे तीन पत्ते सिस्टरांना आधीच टाकून ठेवावे लागणार होते.

“भाऊ, ढाल आहे?” सिस्टरांनी विचारलं.

“आहे. टाक तू.”

सिस्टरांनी तीन पत्ते टाकले. काळेसाहेबाची गड्डी उघडली, वार माझ्यावर आला. भाऊंनी “हे घे ढाल” म्हणत निळा पत्ता बाकावर ठेवला.

ती झेप होती. नव्या पाकिटातली. तिचं चित्रही ढालीसारखं निळंच होतं.

घार पडली, डाव गेला. खेळच तो. पण भाऊंनी आजवर एकदाही पत्ता चुकवला नव्हता. सिस्टरांनी हळूच तो पत्ता उचलला आणि अक्षरं त्यांच्याकडे फिरवून पुढे केला.

“भाऊ, हे काय लिवलं आहे?”

भाऊ त्या पत्त्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि पुन्हा घातलाच नाही. आमच्या तेव्हा लक्षात आलं, की जुने सगळे पत्ते त्यांना तोंडपाठ होते. ते वाचत नव्हते. रंगावरून ओळखत होते. किती दिवसांपासून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. असं काही एका दिवसात होत नाही ना.

“चाला,” ते म्हणाले. “चार वाजले.”

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात आलो तेव्हा भाऊ माझ्या खिडकीच्या पायरीवर बसलेले होते. अजून झाडू मारणारीसुद्धा आली नव्हती. त्यांनी मला लॅबमध्ये नेलं. टेबलावर मागच्या चार दिवसांच्या काचपट्ट्या ओळीनं मांडलेल्या.

“ह्या म्या पाह्यल्या. आता तू पाय.”

“भाऊ, मी फार्मासिस्ट आहे. मला नियमानं...”

“नियमाचं मंग पाहू. तुले चोर वळखता येते. बस.”

त्या दिवशी गोळ्यांची खिडकी सिस्टरांनी सांभाळली आणि मी भाऊंच्या स्टुलावर बसलो. ते शेजारी उभे राहून पट्टी द्यायचे आणि मी घरं फिरायचो. मोजणं त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. मी पट्टी सरकवली की ते पुटपुटायचे, “अडतीस... एकोनचाळीस...” पहिल्या पाच-सहा पट्ट्या स्वच्छ निघाल्या. मला हायसं वाटायला लागलं. दुपारी बाराच्या सुमाराला एका पट्टीत, अकराव्याच घरात, अंगठी दिसली. मग शेजारी दुसरी. मग एका पेशीत दोन.

मी डोळा काढला. मला वाटतं माझं तोंड पाहूनच त्यांना समजलं असावं, पण त्यांना माझं तोंड तरी कितपत दिसत होतं कोण जाणे.

“किती?” त्यांनी विचारलं.

“खूप आहेत भाऊ.”

रजिस्टर मी वाचलं. चैती, वय पंचवीस, इथून अकरा किलोमीटरवरचं गाव. आदल्या दिवशी आली होती. हातोहात तपासायच्या किट त्या आठवड्यात संपलेल्या होत्या, त्यामुळे सगळा भरवसा पट्टीवर. कागदावर भाऊंच्या वळणदार अक्षरात निगेटिव्ह. तापाच्या साध्या गोळ्या देऊन तिला घरी पाठवली होती. त्या गोळ्या मीच दिल्या होत्या.

मी घाबरलो होतो आणि घाबरलेला माणूस जे बोलतो ते बोललो. “भाऊ, रंग नीट चढला नव्हता म्हणून सांगू. पट्टी खराब होती म्हणू. कोणाला कळणार आहे? निवृत्तीला दोन वर्षं राहिली तुमची.”

त्यांना मी चिडलेलं एकदाच पाहिलं, ते तेव्हा. आवाज चढला नाही. उलट खाली गेला.

“पट्टी चांगली आहे. रंग म्या चढवला, मले मालूम आहे कसा चढला ते. पट्टीवर कायले टाकतं? गाडी काढ.”

रुग्णवाहिका दुसऱ्या गावी गेलेली होती. तिला तिथूनच परस्पर यायला सांगून आम्ही माझ्या मोटरसायकलवर निघालो. भाऊ मागे बसले, मांडीवर गोळ्यांची पिशवी. रस्ता म्हणजे सागातून गेलेली पाऊलवाट, मध्ये एक नाला गुडघाभर वाहत होता. मी गाडी ढकलत नेली, भाऊ माझा खांदा धरून पाण्यात उतरले. दगडावर पाय ठेवण्याआधी ते तळव्यानं चाचपून बघत होते. सबंध वाटेत ते फक्त एकदा बोलले. “काल ती बाई मले म्हने, भाऊ, डोक्यात घन मारल्यावानी होते. म्या आयकलं. आयकूनबी निगेटिव्ह लिवलं. घरं म्या शंभर मोजले होते रे.”

घर सापडलं. चैती अंगणातल्या मांडवाखाली खाटेवर पडली होती, डोळे उघडे पण ओळख नाही. तिचा नवरा लालसू उशाशी बसलेला. मी गोळ्यांची पिशवी उघडायला लागलो. भाऊ आधी लालसूपुढे जाऊन उभे राहिले.

“काल तुले कागद भेटला ना, तो माह्या हातचा होता. चुकला तो. हिच्या रक्तात मलेरिया होता, मले दिसला नाई.”

लालसू त्यांच्याकडे बघत राहिला. त्यानं हात उचलला असता तरी मी काय बोलणार होतो?

“तुले दिसत नाई?” त्यानं विचारलं.

“कमी दिसते.”

“मंग इतक्या दूर कसा आला?”

“याच्या मांगं बसून.”

लालसू उठला, आत गेला आणि दुधी भोपळ्याच्या तुंब्यातून पाणी घेऊन आला. पहिल्यांदा त्यानं भाऊंच्या हातात दिलं. त्यांचा हात तुंब्याच्या थोडा बाजूला गेला, तेव्हा त्यानं मनगट धरून तो बरोबर जागी आणला. मग आम्ही तिघांनी चौथ्या एका शेजाऱ्याला घेऊन खाट उचलली आणि नाल्यापलीकडच्या रस्त्यावर नेली. भाऊंनी खाटेचा पाय सोडला नाही. नाल्यात दोनदा त्यांचा तोल गेला, दोनदा लालसूनं गोंडीत काहीतरी ओरडून त्यांना सावरलं. रुग्णवाहिका आली. दवाखान्यात सिस्टरांनी तयारी करून ठेवली होती.

तीन दिवस चैतीचं काही खरं नव्हतं. त्या तीन दिवसांत भाऊ वॉर्डाच्या दारात बसून असत. आत जात नसत, काही विचारत नसत. चौथ्या दिवशी सकाळी तिनं पेज मागितली. सिस्टर ती वाटी घेऊन मुद्दाम दारातून गेल्या आणि भाऊंच्या नाकाजवळून वाटी फिरवून म्हणाल्या, “वास घ्या भाऊ. आता तिले भूक लागली.” भाऊ दाराच्या चौकटीला धरून उठले आणि मागच्या हौदावर जाऊन कितीतरी वेळ तोंड धूत राहिले.

त्याच दिवशी त्यांनी अर्ज दिला. माझ्याकडून लिहून घेतला, सही स्वतः केली. ‘मला सूक्ष्म दिसत नाही. मला मायक्रोस्कोपवर बसवू नये.’ दोनच वाक्यं. मी त्यात कारणं, विनंत्या, सेवेची वर्षं घालायला पाहत होतो. “पुरे,” म्हणाले. नागपूरला डोळे दाखवले. साखरेनं डोळ्याचा पडदा खाल्ला होता आणि उशीर झाला होता. थोडं टिकेल, फार टिकणार नाही, असं सांगून डॉक्टरांनी परत पाठवलं.

महिना-दीड महिना ते नोंदणीच्या खिडकीत बसले. आलेल्या माणसाला नाव-गाव विचारायचे, लिहायला दुसरं कोणी. दुपारी आम्ही पुन्हा पत्ते काढले. त्यांनी नाही म्हटलं होतं, पण सिस्टरांनी ऐकलं नाही. त्यांनी सुई घेऊन प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात टोचे मारले. ढालीला दोन, मुक्क्याला एक, झेपेला तीन. विजेला काय करू, म्हणून विचारलं. भाऊ म्हणाले, “तिले चारी कोपऱ्यात मार. लय मोठी आहे ना ती!” कितीतरी दिवसांनी आम्ही तिघं एकदम हसलो.

खेळताना त्यांचा अंगठा कोपऱ्यांवरून फिरत असायचा. चुका व्हायच्या. मी एकदा त्यांची चूक पाहून न पाहिल्यासारखी केली, तर सिस्टरांनी खालून माझ्या पायावर पाय दिला, आणि भाऊंना सांगितलं, “भाऊ, हा मुक्का आहे. ढाल नोहे.” त्यांनी मुकाट्यानं तो परत घेतला आणि दुसरा दिला. मला तेव्हा सिस्टरांचा राग आला होता. आता येत नाही.

स्वेच्छानिवृत्ती मंजूर झाल्यावर ते गेले. मग माझीही बदली चंद्रपूरला झाली. इथे मोठं रुग्णालय, मोठी लॅब, रक्त मोजायची यंत्रं. कागद भराभर येतात. कधी कधी तापानं थरथरणारा कोणी खिडकीपुढे उभा असला आणि त्याचा कागद फार लवकर आला, की माझा हात गोळ्यांवर अडतो. व्हरांड्यातून कोणीतरी “परशांत, पायून जा!” म्हणून हाक मारावी असं वाटतं. कोणी मारत नाही. प्रशांत नावाची हाक मला शुद्ध मराठीत रोज ऐकू येते. ‘परशांत’ म्हणणारे भाऊ एकटेच होते.

त्यांच्या गावी मी एकदाच गेलो. धान कापून झाला होता, शेतोशेती पेंढ्यांचे पुंजणे रचलेले होते. कुसुमबाईंनी वडे तळले. भाऊ ओसरीवर बसले होते. माझ्या पावलांच्या आवाजानं त्यांनी मान वळवली, पण नजर माझ्या कानाजवळून पलीकडे गेली. जांभळी बोटं मात्र फिकी झाली होती. ती साधी माणसाची बोटं झालेली पाहून मला कसंसंच झालं.

त्यांनी सिस्टरांची चौकशी केली. चैतीची केली. तिला मुलगी झाली, हे त्यांना माझ्या आधीच ठाऊक होतं. लालसूनं कोणाच्या तरी हाती निरोप धाडला होता. मग विचारलं, “आपल्या लॅबमंदी आता कोन आहे?”

“नवा आहे एक. चांगला आहे म्हणतात.”

“शंभर फिरते का?”

“फिरतो.”

“तू पाह्यलं का?”

“नाही भाऊ.”

“मंग असं म्हन ना बाबू, मालूम नाई,” ते हसून म्हणाले आणि वड्याची थाळी माझ्याकडे सरकवली.

पुढच्या उन्हाळ्यात कुसुमबाईंचा फोन आला. सकाळी उठलेच नाहीत, म्हणाल्या. म्हणजे ती भेट शेवटचीच होती, पण त्या दिवशी मला ते कुठे माहीत होतं? मी संध्याकाळच्या बसची घाई करत होतो.

भाऊ मला सोडायला रस्त्यापर्यंत आले. शेताच्या धुऱ्यावरून माझ्यापुढे चालले, पायानं वाट चाचपत, माझा हात न धरता. बस आली, चढलो, मागच्या बाजूला डावीकडे खिडकी मिळाली. बाहेर भाऊ कंडक्टरला विचारत होते, “आमचे पाव्हने कुठी बसले जी?”

“मांगं. पाचवी खिडकी.”

त्यांनी बसच्या पत्र्यावर तळवा टेकवला आणि चालायला लागले. एक खिडकी, दुसरी. एका खिडकीतल्या बाईनं आपला हात आत घेतला आणि त्यांना जाऊ दिलं. मी हाक मारणार होतो, पण मारली नाही. पाचव्या खिडकीशी ते थांबले आणि गजाला धरलं. मी त्या हातावर हात ठेवला. त्यांनी दुसऱ्या हातानं माझी बोटं एकेक करून चाचपली, मीच आहे याची खात्री करून घेतली.

“बरं,” ते म्हणाले. “जाय आता.”

बस निघाली. मी मान बाहेर काढून बघत राहिलो. रस्त्याच्या कडेला भाऊ उभे होते, आणि खिडकीच्या उंचीवर धरलेला त्यांचा हात अजून तसाच हवेत होता.